निळ्या कुपीतले तीन थेंब

“दिवेलागणीच्या आत सिद्ध कर की वैद्यबुवांचं औषध थोतांड आहे! नाहीतर या सनदेवर शिक्का उमटलाच म्हणून समज!” रणधवलराजे गरजले. “आणि माझ्या एकाही माशाला धक्का लागता कामा नये!”

हौसा भोईण मान खाली घालून उभी होती, पण डोकं तापलं होतं. राजांच्या काचेच्या हौदातले सोनेरी मासे सांभाळणं हे तिचं काम. आणि त्या सनदेने गावाबाहेरचं तळं जलवैद्य गजेंद्रबुवांना इनाम मिळणार होतं. त्या तळ्यातल्या मासळीवर भोयांची चाळीस घरं जगत होती!

झालं होतं असं. राजांना माशांचं भारी कौतुक. रोज सकाळी स्वतःच्या हाताने हौदात बुंदीचा लाडू कुस्करून टाकायचे. पाणी गढूळ व्हायचं, मासे पटापट मरायचे. हौसा कानीकपाळी ओरडायची, “सरकार, लाडू बंद करा आनि रोज अर्धं पानी बदलू द्या!” पण भोईणीचं ऐकतो कोण? “तुला माशांतलं काय कळतं!” हे वर ऐकून घ्यायचं. जिच्या बापाचा, आज्याचा जन्म मासळीत गेला, तिला म्हणे माशांतलं कळत नाही!

मग कुठूनसे हे गजेंद्रबुवा उगवले. अंगावर रेशमी उपरणं, हातात निळी कुपी, आणि जिभेला काही हाड? या ‘मत्स्यसंजीवनी’ने म्हणे माशांचं आयुष्य दुप्पट होतं, रंग तिप्पट खुलतो! कुठे खुलला, कोणी पाहिला, हे विचारायची सोय नाही. विधी काय, तर लाडू बंद, रोज अर्धं पाणी बदलायचं, आणि वर तीन थेंब. महिनाभरात एकही मासा मेला नाही. झालं! अख्खा दरबार थेंबांचे गोडवे गाऊ लागला. रोज घागरी वाहून हौसाचे खांदे सोलवटले, त्यांचं नाव कोणी काढेना. आज बुवांच्या सनदेवर शिक्का उमटायची वेळ आली, तशी ती भर दरबारात बोलून गेली, “सरकार, ते औषध थोतांड हाय!”

“काय गं, दातखीळ बसली?” बुवा खिदळले.

बुवांच्या पुढ्यात काचेची बरणी होती. तीत त्यांचे स्वतःचे दोन मासे. तेच दाखवून ते दरबारोदरबारी कुप्या खपवत. हौसाने बरणीकडे पाहिलं आणि पाण्याने भरलेल्या मातीच्या दोन कुंड्या आणून ठेवल्या.

“सरकार, तुमच्या माशांना हात लावत न्हाई. बुवांचे दोन हाईत, तेवढे बास! ह्या कुंडीत रोज लाडू पडंल, पानी बदलायचं न्हाई. पर थेंब टाका पोटभर! तीन कशाला, तीस टाका! त्या कुंडीत रोज अर्धं पानी बदलीन. लाडू न्हाई, थेंबबी न्हाई. एक मासा बुवांचा, एक माझ्या नावाचा. ज्याचा मरंल त्यानं राज्य सोडायचं. बुवा मोठे, त्यांनी आधी कुंडी निवडावी!”

“मी दिवेलागणीची मुदत दिली होती. याला तर महिना लागेल!” राजे म्हणाले.

“महिना कशाला, सरकार? बुवा निवडेपर्यंतच थांबा!”

बुवांचा चेहरा उतरला. “पण महाराज, औषध आणि पाणी बदलणं, दोन्ही बरोबरच लागतं! नुसतं औषध कसं चालेल?”

“आनि नुसतं पानी चालतं का, ते तरी सांगा!” हौसा फाडकन म्हणाली.

“निवडा, बुवा,” राजे पुढे झुकले.

बुवांनी औषधाच्या कुंडीकडे पाहिलं. मग बरणीतल्या माशांकडे. कपाळावरचा घाम उपरण्याने टिपला आणि एक मासा ओंजळीत धरून मुकाट्याने त्या दुसऱ्या कुंडीत सोडला.

अख्खा दरबार माना उंचावून पाहू लागला!

“अहो बुवा, तुमची संजीवनी तर इकडच्या कुंडीत पडणार!” राजे म्हणाले.

“महाराज... मासा फार महागाचा आहे,” बुवा पुटपुटले.

राजे असे हसले की डोक्यावरचा मंदील घरंगळून मांडीवर आला! बुवांना कुप्यांसकट हद्दपार करायचा हुकूम सुटला. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, “हौसा, बुवा याच कुंडीला हात घालतील, हे तुला कसं गं ठाऊक?”

“सरकार, त्या थेंबांत काही न्हाई, हे ह्या दरबारात दोघांनाच पक्कं ठाऊक व्हतं. एक मी, आनि दुसरे बुवा!”

राजे पुन्हा खो खो हसत सुटले, आणि हसता हसताच त्यांनी तळ्याची सनद पिढ्यानपिढ्यांसाठी भोयांच्या नावे करून दिली.