पाचू वरच्या वर्गात गेली

माणसाच्या हाती अजून गोफणही आली नव्हती, तेव्हाची गोष्ट. बाभळीच्या रानात सरड्यांच्या नेमबाजीच्या स्पर्धा होत. हलत्या फांदीवरून पळता पळता जीभ फेकून माश्या टिपायच्या. नेम आणि वेग दोन्ही पाहून म्हातारी घोरपड प्रत्येकाचा वर्ग ठरवी.

पाचू नावाची सरडी खालच्या वर्गात दर वेळी पहिली येई. वरच्या वर्गाची परीक्षा आली, तेव्हा तिचा काका हळूच म्हणाला, "पोरी, दोन माश्या मुद्दाम चुकव. खाली राहिलीस तर कायम पहिली येशील. वर तुला कोण विचारणार? सरड्याची धाव कुंपणापर्यंतच!"

"ते कुंपण तुम्हालाच लखलाभ, काका! मी नेम चुकवणार नाही," असं म्हणून पाचू धावत सुटली. फांदी हेलकावत होती, पाय घसरत होते, तरी तिने एकही माशी सोडली नाही. घोरपडीने तिला वरच्या वर्गात घातलं.

तिथल्या पहिल्याच स्पर्धेत पाचू शेवटची आली.

"आता कळलं का?" काका खालून ओरडला.

"कळलं!" धापा टाकत पाचू म्हणाली. "खाली मला हरवणारं कुणी नव्हतंच. मग मी शिकणार होते कुणाकडून?"