मायेच्या घरातली शांतता

त्या राज्यात ज्याला पंख आहेत त्याला उडता यायलाच हवं, असा रिवाज होता. ज्यांना ते जमत नसे त्यांना तळ्याकाठच्या ‘मायेच्या घरा’त ठेवत. तिथली देखभाल बगळ्यांकडे होती. बगळे कसे धुतल्या तांदळासारखे, त्यामुळे कोणी फारशी चौकशी केली नाही. पाहुणे येत, तिथली शांतता बघून भारावत आणि आपापल्या घरट्यांत सुखाने झोपत.

एक साळुंकी तिथे नव्याने कामाला लागली. गुणू नावाच्या थोराड पारव्याला दाणे भरवण्याचं काम तिच्याकडे आलं. गुणूला मोजकेच शब्द येत. तो सावकाश खाई, मधेच थांबून पाण्यावरचं ऊन बघत बसे, आणि तेव्हा तो इतका गोड दिसे की साळुंकीलाही घाई करवत नसे.

बगळ्यांना मात्र घाई होती. उशीर झाला की थोरला बगळा हळूच म्हणे, “वाक.” गुणू मान खाली घाली आणि मानेवर टोच बसे. आवाज चढवायची कधी वेळच येत नसे.

साळुंकीने विचारलं तेव्हा थोरला बगळा समजुतीने म्हणाला, “बाई, तू नवीन आहेस. यांना कळत नाही, दुखतही नाही. बाहेर बोललीस तर हे घर बंद पडेल. मग तू सांभाळणार आहेस का यांना?”

ती पुन्हा दाणे भरवू लागली. पण एकदा तिच्याच चोचीतून दाणा सांडला, आणि गुणूने तिच्यापुढे मान वाकवली. ते तिला सहन झालं नाही. ती थेट गरुडाच्या दरबारात गेली.

गरुडाने सगळ्यांना बोलावून घेतलं. दरबारात हसू पिकलं. साळुंक्यांची जातच बडबडी, त्यांचं काय मनावर घ्यायचं? बगळे एका पायावर शांत उभे होते. गुणू मजेत इकडेतिकडे बघत होता.

“तुला कोणी मारतं का रे?” गरुडाने विचारलं.

“ऊन,” गुणू म्हणाला.

साळुंकीला कोणाचाही आवाज हुबेहूब काढता येई. बगळ्याचा काढला तर गुणूचं काय होईल, हेही तिला ठाऊक होतं. तिने आधी पुटपुटत त्याची माफी मागितली. मग थोरल्या बगळ्याच्या आवाजात ती हळूच म्हणाली, “वाक.”

गुणूने डोळे घट्ट मिटले आणि मान खाली घातली. वरची पिसं बाजूला सरकली. खाली नुसती सोललेली कातडी होती.

आता कोणी हसलं नाही. “बगळ्यांना इथेच अडवा,” गरुड म्हणाला.

“गुणू, मी आहे रे,” साळुंकी आपल्या आवाजात सांगत राहिली. पण तिच्या आवाजावरही आता त्याचा भरवसा उरला नव्हता. तो तसाच वाकून थरथरत राहिला, आणि तिला रडू आलं.

शेवटी गरुड आसनावरून उतरला, गुणूसमोर जमिनीवर बसला आणि त्याने आपलीच मान खाली घातली. गुणूने एक डोळा उघडला. समोरची वाकलेली मान तो बराच वेळ बघत राहिला. मग थोडा पुढे सरकला आणि चोचीने, अगदी अलगद, तिथलं एक विस्कटलेलं पीस नीट लावू लागला.