डोंगरापलीकडचं तळं

फार पूर्वी करकोच्यांचा एक थवा दर हिवाळ्यात एकाच तळ्यावर उतरायचा. तळं आटत चाललं होतं. सगळे आपसात कुरकुरायचे, पण म्होरक्यासमोर गप्प बसायचे. शेवटी सावळी नावाची करकोची म्हणाली, "दादा, दुसरं पाणी शोधू या."

"पटत नसेल तर तू जा," म्होरक्या म्हणाला.

सावळी गेली. डोंगरापलीकडे तिला भरलेलं तळं मिळालं. तरी रोज संध्याकाळी ती आपल्या थव्यासाठी व्याकूळ होऊन हाका मारायची.

जुनं तळं कोरडं पडलं तेव्हा तहानलेला थवा त्या हाकांच्या रोखाने आला.

"एवढं पाणी मिळाल्यावरही आम्हाला का हाका मारत होतीस?" म्होरक्याने ओशाळून विचारलं.

"पाणी गोड आहे," सावळी म्हणाली, "पण ते सांगायला इथे कुणी नव्हतं."