घोडीखालची जागा

"पण बाबा का हसले, माई?"

ऋजुताने हे विचारलं तेव्हा ती अजून मठाच्या पायरीवरच होती. चपलाही काढल्या नव्हत्या.

टेकडीवरच्या त्या लहानशा मठात माई एकट्याच राहत. ओसरीवर बसून त्या पावटे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, आधी पाणी पी.

ती पाणी प्यायली. मग पिशवीतून जुन्या ओढणीत गुंडाळलेलं एक वाद्य काढून तिने माईंसमोर ठेवलं. गिटारीचं पिल्लू म्हणावं एवढंसं, चार तारांचं. युकुलेले म्हणतात याला, ती म्हणाली.

सुटे भाग स्वस्तात मागवून तिने ते घरीच जोडलं होतं. वडिलांसाठी. झटका आल्यापासून त्यांचा डावा हात लुळा पडला होता. एके काळी ते मेंडोलिन वाजवत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सुचवलं होतं, की याच्या तारा नायलॉनच्या, मऊ असतात. बोटांना चाळा मिळाला तर हात उठेलही. बाबा मात्र हल्ली भिंतीकडे तोंड करून पडून असत.

मग ऋजुता अशी काही कामाला लागली, की जेवायचंही भान राहिलं नाही. लाकूड घासलं, पुसलं, रंगवलं, कडेने जाईची वेल काढली. वॉर्निशचा एक हात वाळला की दुसरा. मध्येच एकदा बाबांनी विचारलं होतं, मी घासू का थोडं? ती दचकलीच. नको, ओरखडा येईल, म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

शेवटी तारा चढवल्या. खुंटी पिळत गेली, सूर अगदी जवळ आला, आणि फट्कन आवाज झाला. तारा जिला बांधलेल्या असतात ती लाकडी घोडी उखडून कपाटावर जाऊन आदळली. ऋजुता किंचाळली.

आणि पलंगावर बाबा हसले.

"इतक्या दिवसांनी हसले, तेही माझ्या फजितीवर," ऋजुता म्हणाली. "कालपासून मी त्यांच्याशी बोललेली नाही."

माईंनी हात पदराला पुसले आणि वाद्य मांडीवर घेतलं. त्यांना कमी दिसे, म्हणून बोटांनी पाहत गेल्या.

"काच आहे की लाकूड गं हे?"

ऋजुताला बरं वाटलं. मग माईंची बोटं उखडल्या जागी थांबली, आणि ते बरं वाटणं गेलं.

"सुटली कशी?"

ते तिला ठाऊक होतं. घोडी चिकटवायच्या जागेला वॉर्निश लावायचं नसतं. गोंद कोऱ्या लाकडालाच धरतो. सामानासोबतच्या कागदावर तसं छापलेलं होतं. तिने ते वाचलंही होतं. पण एवढ्या चकाकीत तेवढाच तुकडा ठिगळासारखा उघडा राहिलेला तिला बघवेना.

"कुणाला दिसला असता तो?"

"कुणालाच नाही. घोडीखालीच गेला असता."

"मग झाकलास कुणापासून?"

ऋजुताने ओढणीचं टोक उगाच सरळ केलं.

"बरं. बाबांचा हात कुठे लागलाय याला?"

"कुठेच नाही." तिचा आवाज बारीक झाला. "लागू दिला नाही."

...

कौलांवर कावळा बसला तशी ती दचकली. काहीतरी करायला हवं म्हणून तिने पिशवीतून पॉलिशपेपर काढला आणि ती जागा घासायला घेतली. आता इथलं वॉर्निश काढते, पुन्हा गोंद लावते, उद्यापर्यंत नीट होईल, असं भराभरा बोलत सुटली.

"हसल्यावर त्यांनी काय केलं?" माईंनी मध्येच विचारलं.

"काही नाही. दे इकडे, म्हणाले. हात पुढे केला. मी म्हटलं, हात लावू नका."

"कुठला हात?"

"कुठला म्हणजे..."

ऋजुताचा हात थांबला.

बाबा भिंतीकडे वळून उजव्या कुशीवर पडले होते. मान वळवून तिच्याकडे पाहत हसले होते. उजवा हात अंगाखाली होता.

...

"डावा," ती म्हणाली.

माईंनी तिच्या बोटांतून पॉलिशपेपर हळूच सोडवून घेतला. त्याची घडी घातली.

ऋजुताला कळलं त्या काय सांगतायत ते. ही जागा बाबांनी घासायची, त्याच हाताने.

"माई, तो हात थरथरेल. जागेबाहेर जाईल. सगळ्या चकाकीवर ओरखडे उठतील."

"उठतील."

"थोडे घोडीखाली झाकले जातील. पण उरलेल्यांचं मी काय करू?"

माईंनी वाद्य ओढणीत गुंडाळलं, वर पॉलिशपेपरची घडी ठेवली, आणि सगळं तिच्या मांडीवर दिलं. पावट्यांची टोपली पुन्हा पुढे ओढली.

"ते वाजतील."