पाय लागल्याशिवाय नाव नाही

खिंडीपाशी गाडी थांबवून तुम्ही त्या बाईंना विचारलंत, "समोरच्या कड्याचं नाव काय?" आणि त्या काही न बोलता मोळी घेऊन निघून गेल्या. राग धरू नका, मंडळी. या खोऱ्यात तुम्हाला कड्याचं, ओढ्याचं, टाक्याचं नाव कोणीही लांबून सांगणार नाही. आधी तिथवर चालत जायचं. पाय लागले की लहान मूलसुद्धा नाव सांगेल. मीही आत्ता सांगणार नाही. उगवतीचा कडा आणि मावळतीचा कडा, एवढ्यावर भागवून घ्या.

असं सांगतात की, इथे एक लहानसं संस्थान होतं तेव्हाची ही गोष्ट. राजेसाहेबांच्या मनात आलं, मोठ्या सरकारचं असतं तसं आपलंही गॅझेटियर हवं. गॅझेटियर म्हणजे मुलखातल्या जागांची नावं अक्षरवार लावलेलं पुस्तक. अमुक जागा कुठे, तिथे वाट कशी, पाणी किती, हे त्यात बघायचं आणि परक्या माणसाने निर्धास्त निघायचं. काम चांगलं होतं, माणूस तेवढा चुकला. काम मिळालं मोरेश्वरपंत खांबेट्यांना. दरबारात त्यांच्याइतकं गोड बोलणारं दुसरं कोणी नव्हतं, एवढीच त्यांची लायकी.

पंत मेण्यातून आले आणि पायथ्याच्या देवळात लोडाला टेकून बसले. इथलं मुलूखदर्शन त्यांनी तिथूनच उरकलं. हातातली काठी उचलायची, कुठेतरी रोखायची आणि पाटलाला विचारायचं. पाटील काही कमी नव्हता. रावजी ढेबे त्याचं नाव. अंगाने असा सुटलेला की कड्यावर चढून त्याला जमाना झाला होता. पंतांनी उगवतीच्या कड्याकडे काठी केली.

"वर काय आहे?"

"टाकं हाय जी."

"पाणी?"

"हाय की. बारमाही."

बारमाही झरा मावळतीच्या कड्यावर. उगवतीचं टाकं होळीच्या आतच कोरडं पडतं. पाटलाला हे आठवलं नाही की आठवूनही जीभ हलवायचा कंटाळा आला, देव जाणे. शिष्टाचार म्हणून तो एवढंच म्हणाला, "वर जाऊन बघायचं का जी?"

पंत हसले. "पुस्तकाला पाय लागत नाहीत, पाटील. नाव कळलं की झालं." आणि दोघे जेवायला उठले.

पुस्तक छापलं गेलं, दरबार भरला, पंतांना शाल मिळाली.

पुढच्या वैशाखात पंतांची मुलगी द्वारका आणि जावई रघुनाथराव कोकणात निघाले. सासऱ्याचं पुस्तक बरोबर होतं आणि सासऱ्यावर भाबडा विश्वासही होता. पुस्तकात लिहिलं होतं, वाट सोपी, वर बारमाही पाणी. त्यांनी घोडं घाटाला लावलं. पखाल वाटेतच संपली. टाक्यापाशी पोचले, तर तळाला भेगाळलेला चिखल आणि मेलेली पाखरं.

रघुनाथराव बायकोला कपारीच्या सावलीत बसवून पाणी शोधायला कड्याच्या धारेने पुढे गेले. ते परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी खालच्या करवंदीच्या जाळीत सापडले म्हणे.

पलीकडच्या कड्यावर कोंडाबाई धनगरीण म्हशी राखत होती. तिला बाईमाणसाची हाक ऐकू आली. तिने म्हशी तशाच सोडल्या, झऱ्याची घागर डोक्यावर घेतली आणि मधली घळ उतरून, पुन्हा चढून ती टाक्यावर आली. द्वारकेची जीभ टाळूला चिकटली होती. कोंडाबाईने पदर भिजवून थेंबथेंब पाणी तिच्या तोंडात पिळलं, मग तिला पाठुंगळीला मारून अर्ध्या कड्यावरच्या आपल्या झापात, गवताच्या खोपीत, आणलं. वर म्हशींच्या कळपात वाघ शिरला. पोटाला आधार असलेली दुभती म्हैस गेली. कोंडाबाईने त्याचा उच्चारही केला नाही.

पंत धावत आले. या वेळी कडा त्यांना चढावा लागला. जावयाचं सगळं आटोपल्यावर ते कोंडाबाईच्या दारात उभे राहिले. "बाई, माझी लेक वाचवलीस. लुगडं माग, शेत माग."

"मला काय बी नगं," कोंडाबाई म्हणाली. "त्या बुकातलं पानी तेवढं खोडा. उद्या दुसरं कुनी येईल."

पंतांनी खाली बघितलं. "ते कसं जमेल? राजेसाहेबांचा शिक्का आहे त्यावर. खोडलं तर दरबारात माझी काय शोभा राहील?"

जावयाची राख अजून गरम होती आणि हा गृहस्थ शोभेचा विचार करत होता! द्वारका आत पडल्या पडल्या ऐकत होती. भिंतीला धरून ती बाहेर आली.

"बाबा, तुम्ही घरी जा," ती म्हणाली. "मी त्या टाक्याची शपथ घेते. जिथे तुमचा पाय लागला नाही, तिथलं नाव या खोऱ्यात तुम्हाला कोणी सांगणार नाही. तुम्हालाच काय, कोणालाच नाही."

पंतांनी विनवण्या केल्या, मग धाक घातला. ती गेली नाही. कोंडाबाईच्या झापातच राहिली, म्हशी राखायला शिकली. घाटात वाटसरू आला आणि लांबून नाव विचारू लागला की ती म्हणायची, "चला, तिथेच सांगते," आणि खांद्यावर घागर घेऊन पुढे चालू लागायची. खोऱ्याने तिचा शब्द उचलला. पंत मात्र पुढे दरबारात आणखी मोठे झाले, असं म्हणतात. तशी माणसं होतातच.

त्या पुस्तकाच्या नंतर आवृत्त्या निघाल्या. टाक्याचं पाणी प्रत्येकीत बारमाहीच राहिलं. शहरात गॅझेटियर हा शब्द मानाचा असेल, कपाटात बसत असेल. आमच्याकडे न बघितलेल्या जागेची खात्री देणाऱ्या माणसाला गॅझेटर म्हणतात. आजही या खोऱ्यात त्याहून वाईट शिवी नाही. गेल्या साली एका नवऱ्या मुलाच्या बापाने वाटणीत आलेली जमीन न बघताच "आमचं शेत ओलिताखालचं" म्हणून सांगितलं. मुलीची आई स्वतः चालत जाऊन बघून आली आणि भर बैठकीत त्याला गॅझेटर म्हणाली. ठरलेलं लग्न मोडलं. बाप नंतर दोनदा माफी मागायला आला, पण तिने दार उघडलं नाही.