जिभेचा इलाज पाठीवर

कणा सरळ तर देह सरळ, असं हाडं बसवणारी ठकूबाई सांगायची. दिवसभर कुंभारांच्या आखडलेल्या पाठी चोळून म्हातारी घरी टेकते न टेकते, तोच जहागीरदार रायाजीरावांचं बोलावणं आलं. त्यांचं डोकं ठणकत होतं, अन्न पचत नव्हतं.

वाड्यावर पोचताच ठकूबाई म्हणाली, "सरकार, पालथं व्हावं. आधी कणा बघते."

रायाजीराव उखडले. "दुखतंय डोकं, बिघडलंय पोट, आणि तू पाठ बघणार? त्यांचा पाठीशी संबंध काय?"

"पाठीशी संबंध नाही असं अंगात काय आहे, सरकार?" ती थकून भिंतीला टेकली.

"फार जीभ चालते हिची! हवालदार, ओढा हिच्या पाठीवर दहा फटके. जीभ आपोआप ताळ्यावर येईल."

हवालदाराने चाबूक उचलला. ठकूबाईने पदराने घाम पुसला आणि सावकाश पाठ वळवली.

"मार बाबा. पण सरकार, चुकली माझी जीभ आणि इलाज पाठीवर? मग आपलं दोघांचं वैद्यक एकच की!"

चाबूक हवेतच राहिला. रायाजीरावांनी हाताने हवालदाराला मागे सारलं. मग ते पालथे झाले.

ठकूबाईने उसासा टाकला. घरी जायला आता आणखी उशीर होणार होता.