दोनच गोण्या

खाडीकाठी डांबरी रस्ता यायच्या आधीची गोष्ट. मिठाच्या वीस गोण्या घेऊन एक होडी भरतीच्या पाण्याबरोबर धक्क्याला लागली. तिथल्या गाढवाने नेहमीसारख्या दोन गोण्या पाठीवर घेतल्या आणि ते गावाच्या उंच पायऱ्यांकडे निघालं.

"दोनच?" होडी हसली. "एवढ्यासाठी चार पाय कशाला लागतात?"

गाढवाने गोण्या परत होडीत टाकल्या. "मग पायऱ्याही तूच चढ," असं म्हणून ते चरायला गेलं.

ओहोटी लागली. भरलेली होडी चिखलात रुतून कलंडली. आता पुढच्या भरतीचं पाणी आत शिरणार आणि सगळं मीठ विरघळणार, हे तिला कळून चुकलं. तिने गाढवाला हाका मारल्या.

गाढव आलं. "किती नेऊ?"

"दोनच ने," होडी म्हणाली, "पण भरतीच्या आत दहा वेळा ये."